पांढरी कड

कोठी, हैदराबाद
रविवार, ३ जुलै २०२२

बिंदू तल्ली,

तुझी पाठ कशी आहे? मग्गमच्या चौकटीवर वाकून जरीचे टाके घालून घालून ती दुखते, असं जावईबापू, फणिंद्रबाबू, मागे म्हणाले होते. चौकटीखाली दोन-दोन विटा ठेव, वाकावं लागणार नाही. तुझ्या सासूबाईंचे, राजेश्वरम्मागारूंचे, गुडघे काय म्हणतात? जिना चढतात का, की खालच्याच खोलीत झोपतात? त्यांना माझा नमस्कार सांग. सांगावासा वाटला नाही तर राहू दे. फणिंद्रबाबूंचा हात बॅटरीच्या ॲसिडने पोळला होता, तो भरून आला का? दुकानात हातमोजे घालायला सांग त्यांना, माझं नाव न घेता सांग. आणि माझ्या नातीचे, लास्याचे टॉन्सिल? तुलाही ह्याच दिवसांत घसा धरायचा आणि तुझी आई हळद-मिऱ्याचं दूध घेऊन तुझ्या मागे सगळ्या गच्चीभर धावायची. म्हैस व्यायली, पारडी झाली, हेही कळलं. सगळं फोनवरच कळतं. फणिंद्रबाबूंवर रागावू नकोस, मीच खोदून खोदून विचारतो.

माझं तू विचारणार नाहीस, तरी सांगतो. डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला. आता त्या डोळ्याने सगळं निळसर आणि स्वच्छ दिसतं, उजव्याने जुनं पिवळट. दोन्ही उघडे ठेवले की गोंधळ होतो, म्हणून पुस्तकं बघताना एक मिटून बघतो. बाजूच्या दुकानातला मोईन म्हणतो, "काय पंतुलु, म्हातारपणी गिऱ्हाइकांना डोळा मारतोस?" त्याची जीभ तशीच आहे. गुडघे मात्र गेले बिचाऱ्याचे.

धंदा विचारशील तर पोरं आता फोनवरच शिकतात. पूर्वी जूनमध्ये श्वास घ्यायला फुरसत नसायची. अमीरपेटच्या संगणक क्लासमधून सुटली की पोरं-पोरी थेट कोठीला यायची. "पंतुलुगारू, जावासाठी काय घेऊ? पंतुलुगारू, सी पक्की व्हायला कुठलं?" सातवी नापास माणसाला पंतुलु, म्हणजे गुरुजी म्हणणारी ही एकच जागा ह्या शहरात. आता दिवसाला दोन-तीन जण येतात, त्यातले एक-दोन पत्ता विचारायला.

लिहायचं कारण असं की फणिंद्रबाबू म्हणाले, लास्याच्या शाळेत संगणक शिकवायला लागलेत आणि तिला पुस्तक हवंय. आणि तू म्हणालीस, "आपल्या घरात ते पुस्तक येणार नाही." मी तुला काही सांगायला येत नाही. एवढंच म्हणतो की दहा वर्षांच्या पोरीसाठी पुस्तक निवडायचं काम ह्या शहरात माझ्याइतकं कोणाला जमत नाही, ही बढाई समज हवं तर. तू हो म्हण, मी पाठवतो.

आणखी एक. गेल्या गुरुवारी एक बाई आली होती, हातात जुनं सीचं पुस्तक घेऊन. निळ्या पाठीचं. त्याबद्दल मग लिहीन.

अकरा वर्षांत आपण काय बोललो? तुझी आई गेली तेव्हा तू पाच दिवस इथे होतीस आणि मला एकदा म्हणालीस, "चहा ठेवलाय." त्या चहावर मी चार वर्षं काढली. आता दोन ओळी लिही. पत्ता तोच आहे.

नान्ना


कोठी
रविवार, २४ जुलै २०२२

बिंदू तल्ली,

तीन आठवडे झाले. टपालाचा भरवसा नाही म्हणून हे दुसरं पत्र. म्हैस दूध बरं देते का? लास्याचा घसा? तुझी पाठ?

लास्याच्या पुस्तकाचं मी डोक्यात घोळवत होतो. पायथन शिकवतात म्हणे शाळेत. चांगली आहे ती भाषा पोरांना, माणसासारखी वाचता येते. पण पुस्तक मुखपृष्ठावरून घेऊ नकोस. साप काढलेला असला की पोरं भुलतात. पुस्तक हातात घेतलं की पन्नासावं पान उघडायचं आणि एक परिच्छेद लास्याला मोठ्याने वाचायला लावायचा. सगळं कळलं तर ते पुस्तक तिला नको, ती त्याच्या पुढे गेलीय. काहीच कळलं नाही तर अजून नको. निम्मं कळलं आणि उरलेल्या निम्म्यावर तिने कपाळाला आठी घातली, तर ते तिचं पुस्तक. मग शेवटी बघायचं, प्रश्न आहेत का. उत्तरं मागे छापली असतील तर आणखी बरं, पण दहा वर्षांच्या मुलीला ती पानं टाचणीने बंद करून द्यावीत. आणि "एकवीस दिवसांत शिका" म्हणणारं पुस्तक घेऊ नये. एकवीस दिवसांत अंड्यातून कोंबडीचं पिल्लू निघतं, तेही कोंबडी बसून राहिली तर.

हे मी स्वतः खाल्लेल्या ठेचांवरून सांगतो. सी भाषा मी शब्दकोश घेऊन शिकलो, दुकानाच्या मागच्या खोक्यावर बसून, संगणक न बघता. चालवायचा प्रोग्रॅम कागदावरच. एका हाताने लिहायचा, दुसऱ्या हाताने यंत्र होऊन चालवायचा. तीन वर्षांनी अमीरपेटच्या एका क्लासवाल्याने दया येऊन मला त्याच्या यंत्रावर बसवलं. माझा प्रोग्रॅम पहिल्याच फटक्यात चालला. तो म्हणाला, "पंतुलुगारू, कुठे शिकलात?" मी म्हटलं, "फुटपाथवर." तू तेव्हा सात वर्षांची होतीस. त्या दिवशी मी घरी पुल्लारेड्डीची मिठाई आणली होती, तुला आठवत असेल.

पुस्तकं बघण्याची माझी खूण तर तुला ठाऊकच आहे. कड. पुस्तक मिटून धरलं की पानांच्या कडेवर अंगठ्याचा मळ दिसतो. वाचणारा जिथपर्यंत पोचला तिथपर्यंत कड काळपट, पुढे पांढरी. सीच्या पुस्तकाची कड सहसा ब्याण्णव-त्र्याण्णव पानांवर पांढरी होते, कारण तिथे पॉइंटर, ते मेमरीतले पत्ते, सुरू होतात आणि पोरांचे हातपाय गळतात. कोणी पुस्तक परत विकायला आणलं की मी न उघडता सांगायचो, "पॉइंटरला पळून गेलास ना रे?" पोरं लाजायची. मोईन टाळ्या पिटायचा. ह्या एका युक्तीवर मी पंतुलु झालो.

आणि जो पूर्ण करील त्याचं नाव दुकानाच्या आतल्या फळीवर रंगवायचं, हजर असलेल्या सगळ्यांना इराणी चहा आणि उस्मानिया बिस्किटं. एकसष्ट नावं आहेत. मुलींची नऊ.

त्या दिवशीचं लिहावं की नाही, कळत नाही. तूही सगळं जाणतेस. मी म्हटलं होतं, आधी हे निळं पुस्तक पूर्ण कर, कड दाखव, मग अमीरपेटला नाव घालतो. मला वाटायचं, पाया पक्का नसेल तर वरचे मजले कशाला. तू तीन महिने ते पुस्तक घेऊन फिरलीस. सोमवारी, १३ जूनला, तू दुकानात आलीस, हिरवी ओढणी घेतली होतीस. पाच-सहा पोरं उभी होती. म्हणालीस, "नान्ना, संपलं." मी पुस्तक घेतलं, आडवं धरलं, आणि कड पांढरी होती. सुरुवातीपासून शेवटपर्यंत, भातासारखी पांढरी.

मी जे बोललो ते बोललो. बापाला राग येतो. "तीन महिन्यांत अंगठा लागला नाही आणि माझ्या तोंडावर खोटं बोलतेस" असं काहीसं बोललो. तू काहीतरी म्हणालीस, ते मला आता नीट आठवत नाही. आणि मग श्रावणात भीमावरमचं स्थळ आलं, माणसं चांगली होती. चांगलीच आहेत. त्यात मी चुकलो नाही ना? फणिंद्रबाबूंसारखा माणूस दिवा घेऊन शोधला तरी मिळाला नसता.

त्या बाईचं राहूनच गेलं बघ. पुढच्या वेळी.

लिही. एक ओळ लिही.

नान्ना


कोठी
सोमवार, १५ ऑगस्ट २०२२

बिंदू,

आज सुट्टी. दुकान बंद आहे, तरी फळी अर्धी उघडून आत बसलोय. सगळ्यांच्या तब्येती विचारायच्या होत्या, पण आज ते सोंग नको. तुम्ही सगळे बरे असाल. नसाल तर फणिंद्रबाबू फोन करतील.

मागच्या पत्रात मी लिहिलं की तू काय म्हणालीस ते आठवत नाही. आठवतं. तू म्हणालीस, "उघडून तर बघा, नान्ना." दोनदा म्हणालीस. आणि मी म्हटलं, "मला उघडायची गरज नाही. न उघडताच कळतं मला आत काय आहे." पोरं हसली. मोईन हसला नाही. तो म्हणाला, "अरे पंतुलु, बघ ना एकदा, तुझं काय जातंय?" मी त्यालाही गप्प केलं. पुस्तक विकायच्या ढिगावर फेकलं. तू ओढणीचं टोक मुठीत धरलंस आणि निघून गेलीस.

आता त्या बाईचं ऐक. नाव स्रवंती. मोठ्या कंपनीत आहे, गच्चीबौलीला. घर बदलताना पुस्तकं काढायला निघाली होती, पण हे एक विकायला नव्हतं आणलं, दाखवायला आणलं होतं. म्हणाली, "पंतुलुगारू, ओळखलंत? अकरा वर्षांपूर्वी मी तुमच्याकडून हे घेतलं होतं." मी सवयीने आडवं धरलं. कड ब्याण्णवपर्यंत काळी, पुढे पांढरी. मी म्हटलं, "काय गं, पॉइंटरला पळालीस, तरी कंपनीत पोचलीस?"

ती हसायला लागली. "पुस्तक पॉइंटरपर्यंतच वाचलं, हे खरं. पुढचं मी पुस्तकातून नाही शिकले. आत पेन्सिलीने कोणीतरी तेलुगूत सगळं सोडवलेलं होतं. त्या पानांचे झेरॉक्स काढून घेतले. सबंध हॉस्टेलने काढले. आमच्या मजल्यावरच्या सहा मुली त्या पेन्सिलीवर नोकरीला लागल्या. कोण होती हो ती?"

मी म्हटलं, "कोणती पेन्सिल?"

"विकत घेतानाच सांगितलं होतं तुम्हाला. म्हटलं होतं, आत लिहिलंय. तुम्ही बघितलंही नाहीत, गल्ल्यातून खोडरबर काढून दिलंत. म्हणालात, खोडून टाक. मी नाही खोडलं."

खोडरबर मी सगळ्यांनाच देतो. जुन्या पुस्तकाबरोबर एक खोडरबर, ही माझी पद्धत.

बिंदू, मग मी ते उघडलं.

तुझं अक्षर मी ओळखलं नाही असं लिहिणार होतो, म्हणजे तुला वाटावं की निदान काही क्षण तरी मी सुटलो. पण पहिल्याच पानावर ओळखलं. प्रत्येक प्रश्न सोडवलेला. जिथे पुस्तकातलं उत्तर चुकलंय तिथे "इथे पुस्तक चुकलंय" असं लिहून खाली बरोबर केलेलं. अशा चार चुका तू काढल्या आहेस. मला त्यातल्या दोनच ठाऊक होत्या. पॉइंटरच्या पानावर तू आपली गल्ली काढलीयस. ओळीने घरं, प्रत्येकाला नंबर, मोईनच्या घराच्या दारात त्याची बकरी. खाली लिहिलंयस, "पत्ता हातात आहे म्हणजे माणूस भेटला असं नाही. दार उघडून आत जावं लागतं." स्रवंती म्हणाली, ऑफिसात नवी पोरं आली की मी आजही हीच घरं काढून शिकवते.

शेवटच्या पानावर तारीख आहे. १२ जून, रविवार. आणि लिहिलंय, "संपलं. उद्या दुकानात नान्नाला दाखवायचं."

स्रवंती गेली. पुस्तक ठेवून गेली, मागितलं नाही तरी. मी त्या दिवशी दुकान लवकर बंद केलं.

मग एकच कोडं उरलं. तीन महिने रोज उघडलेल्या पुस्तकाची कड पांढरी राहील कशी? माझ्या मनाने पळवाटा काढल्या. तू हात धुऊन वाचायचीस. तू कड रुमालाने धरायचीस. मग मी ब्याण्णवच्या पुढची कड उन्हात धरून नव्या डोळ्याने बघितली. त्या पांढऱ्या कडेवर रेघा आहेत. बारीक, तिरक्या. पॉलिश पेपरच्या.

रविवारचं आपलं काम तुला सांगायला नको. जुनी पुस्तकं दोन फळ्यांमध्ये आवळून बांधायची आणि कडा घासून पांढऱ्या करायच्या, म्हणजे गिऱ्हाइकाला नवी वाटतात. तुझी आई गठ्ठा मांडीवर घेऊन सरळ घासायची. मी डावरा. माझ्या रेघा उलट्या बाजूला झुकतात. कोठीत डावरा पुस्तकवाला दुसरा नाही.

बारा जूनला तू पुस्तक संपवलंस, गच्चीत गठ्ठ्याजवळ ठेवलंस आणि बहुतेक न्हायला गेलीस. मी गठ्ठा आवळला. आवळला की मुखपृष्ठं दिसत नाहीत, नुसत्या कडा दिसतात. तुझ्या तीन महिन्यांचा मळ मी माझ्या हाताने घासून काढला. शिट्टी वाजवत काढला असेल, रविवारी मी शिट्टी वाजवायचो. आणि दुसऱ्या दिवशी त्याच कडेकडे बोट दाखवून तुला खोटारडी म्हटलं.

तुझ्या आईने त्या आठवड्यापासून पॉलिश पेपर हातात घेतला नाही. मला म्हणाली, "बोटं दुखतात." मी तेल आणून दिलं. ते तिच्या कपाटात शेवटपर्यंत तसंच पडून होतं, झाकणही फिरवलेलं नव्हतं. तिला कळलं होतं गं. सांगून मी ऐकलं नसतं, हेही कळलं असणार.

तुझ्या चौकटीवरची जरीची कामं फणिंद्रबाबू फोनवर पाठवतात. सुंदर असतात. मी ती मोठी करून बघतो, आणि मला त्या सहा मुली दिसतात.

रागाने लिही, शिव्या लिही, पण लिही.

नान्ना


कोठी
रविवार, ४ सप्टेंबर २०२२

बिंदू,

हे पत्र तू वाचणार नाहीस, ते मला आता माहीत आहे. तरी रविवार आहे आणि रविवारी हाताला काम लागतं. घासायचं काम मी बंद केलंय. दुकानात आता मळक्या कडांची पुस्तकं मळक्या कडांनीच उभी आहेत. गिऱ्हाईक नाक मुरडतं. मुरडू दे.

मंगळवारी फणिंद्रबाबूंचा फोन आला. मीच विचारलं, पत्रं मिळाली का. बराच वेळ ते लोडशेडिंगबद्दल बोलले. मग म्हणाले, "मामय्या, वाईट वाटून घेऊ नका. तिन्ही पत्रं आली. जरीच्या रिळांच्या डब्यात आहेत. एकही फोडलेलं नाही."

"फेकली नाहीत ना?"

"नाही. आलं की हातात घेते, उलटंसुलटं करते, आणि ठेवते. लास्या परवा एक फोडायला निघाली होती. तिला म्हणाली..."

"काय म्हणाली?"

"जाऊ द्या, मामय्या."

"सांगा, बाबू. मी खाली बसलोय."

"म्हणाली, न उघडताच कळतं मला आत काय आहे."

मी बसलो नव्हतो. मग बसलो.

फणिंद्रबाबू म्हणाले, "मी वाचून दाखवू का तिला?" मी नको म्हटलं. म्हणाले, "मग मी तोंडाने सांगतो, तुम्ही मला सांगा काय आहे ते." तेही नको म्हटलं. आमच्या चुकीची ओझी त्यांनी का उचलावीत? आमच्या नाही. माझ्या.

तर डब्यात तीन होती, हे चौथं. जरीबरोबर राहतील, चकचकीत होतील. तुला राग आहे असं मला वाटायचं. रागावलेला माणूस पाकीट फाडतो, चुरगळतो, निदान परत पाठवतो. तू उलटंसुलटं करून ठेवतेस. ह्याला काय म्हणतात मला माहीत नाही. मी तुला शिकवलं, एवढंच माहीत आहे.

काल फळीसमोर उभा राहिलो होतो. पांढरा रंग आणला, बारीक कुंचला आणला. एकसष्ट नावांच्या वर थोडी जागा आहे, तिथे तुझं नाव लिहावं म्हणून. स्टुलावर चढलो. मोईन खालून ओरडला, "पंतुलु, उतर, पडशील, मग मला भीमावरमला फोन करायला लागेल आणि मला ती पोरगी आजही घाबरवते." मी "बिं" लिहिणार तेवढ्यात हात थांबला. अकरा वर्षांपूर्वी मी तुला न विचारता ठरवलं, आता पुन्हा न विचारताच ठरवायचं? रंग वाळून गेला. कुंचला पाण्यात ठेवलाय.

लास्याला पुस्तक निवडून देतो म्हणून मी केवढं लिहिलं तुला. पन्नासावं पान उघड, मोठ्याने वाच. जगाला सांगत आलो, उघडून बघा. माझ्या घरातलं एक पुस्तक होतं, तेवढं नाही उघडलं.

इथवर लिहिलं आणि मोईन चहा घेऊन आला. विचारलं, "कोणाला?" मी म्हटलं, "डब्याला." त्याला सगळं सांगितलं. त्याने बिस्कीट चहात बुडवून धरलं, ते विरघळून पडलं तरी त्याचं लक्ष नव्हतं. मग म्हणाला, "त्या दिवशी मी होतो ना रे इथे. मी तुझ्या हातातून हिसकावून उघडायला हवं होतं ते पुस्तक. माझाही हात नाही पुढे झाला." थोड्या वेळाने म्हणाला, "पोरगी उघडत नाही तर मग न उघडता वाचता येईल असं काहीतरी लिही, येड्या. सरकार विकतं ते अजून."

दिवे लागायला आलेत. उद्या टपाल कचेरी उघडली की जातो.

नान्ना


पोस्टकार्ड
कोठी, ५ सप्टेंबर २०२२

बिंदू,

हे उघडावं लागत नाही.

१३ जून २०११ ला तू खरं बोललीस. पुस्तक तू पूर्ण केलं होतंस. कड मीच आदल्या दिवशी घासली होती, आणि आत बघितलं नाही. आता बघितलं. सगळं बरोबर आहे. चार ठिकाणी तू पुस्तकापेक्षा बरोबर आहेस.

हे पोस्टमन वाचेल, राजेश्वरम्मागारू वाचतील, शेजारीही वाचतील. वाचू देत. मी चारचौघांसमोर बोललो होतो.

लास्याला कोणतं पुस्तक द्यायचं, द्यायचं की नाही, ते तू ठरव. मी निवडणार नाही. फळीवर नाव लिहायचं का, तेही तूच सांग. कुंचला भिजत ठेवलाय.

पाठीला जप. लवकर लिही.

नान्ना